पॉइंट कुणाचे, पैसे कुणाचे?

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातले मराठी तालुके. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राजधानी भोपाळ असली तरी मोठा दवाखाना, बाजारपेठ आणि विमान यांसाठी इथल्या माणसाची वाट नागपूरकडेच जाते. सौंसरहून नागपूर सत्तरेक किलोमीटर, पांढुर्ण्याहून सुमारे शंभर. त्या नागपूरला विमानाचे अप्रूप नवे नाही. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाची व प्रवाशांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतत. विमानतळ जवळ असणे आणि विमान परवडणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता विमान कंपन्या आणि बँका या भागातल्या नोकरदारालाही सांगू लागल्या आहेत की कार्ड घ्या, पॉइंट साठवा आणि फुकट फिरा. या ‘फुकट’चा हिशोब मांडला तर असे दिसते की पॉइंट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मोजलेल्या पैशातला वाटा असतो, आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात असे पैसे मोजणारे पुष्कळ व वाटा घेणारे थोडे असतात.

या योजनांचा इतिहासच तसे सांगतो. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, स्पर्धा वाढली आणि नेहमीचा प्रवासी टिकवण्यासाठी 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. तेव्हाचा नियम सरळ होता: जितके मैल उडाल, तितके मैल खात्यात जमा. पुढे कंपन्यांच्या लक्षात आले की लांब अंतर स्वस्त तिकिटावर काटणारा प्रवासी फारसा फायद्याचा नसतो. डेल्टाने 2015 मध्ये अंतराऐवजी खर्चावर मोजणी सुरू केली, इतर मोठ्या अमेरिकी कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आपल्याकडे एअर इंडियाने 2024 मध्ये हाच बदल केला, आणि त्याच वर्षी आलेली इंडिगोची ‘ब्लूचिप’ योजनाही खर्चावरच बेतलेली आहे. आज बक्षीस मिळते ते प्रवासाला नव्हे, तर खर्चाला, आणि तो खर्चही प्रवाशाच्या स्वतःच्या खिशातून झालेला असावा अशी अट नसते. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातला एखादा अधिकारी कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबईला गेला, तर तिकिटाचे पैसे कंपनी देते आणि पॉइंट त्याच्या नावावर जमा होतात. केंद्र सरकारने ही विसंगती ओळखली. सरकारी दौऱ्यावर मिळालेले पॉइंट सरकारी दौऱ्यासाठीच वापरावेत, असा आदेश त्याने आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेला आहे. पॉइंट ज्याच्या पैशातून निर्माण होतात त्याचेच ते असावेत, हे तत्त्व सरकारने स्वतःच्या तिजोरीपुरते मान्य केले आहे.

पॉइंट विकणे हा आता विमान चालवण्याइतकाच, कधी त्याहूनही मोठा धंदा झाला आहे. कंपनी बँकेला घाऊक भावाने पॉइंट विकते, पैसे आज घेते आणि त्या बदल्यात पुढे कधीतरी, बहुधा रिकामी राहणारी खुर्ची देते. 2020 च्या जूनमध्ये, विमाने जमिनीवर उभी असताना, युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना तारण ठेवून कर्ज उभारायचे ठरवले, तेव्हा त्या योजनेचे मूल्य सुमारे 22 अब्ज डॉलर धरले गेले. शेअरबाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्या वेळी त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. भारतातही हे आधी दिसून गेले होते. जेट एअरवेजची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना वेगळ्या कंपनीत काढून तिचा 50.1 टक्के हिस्सा एतिहादने 15 कोटी डॉलरना घेतला. 17 एप्रिल 2019 रोजी जेटची उड्डाणे थांबली तरी योजना वेगळी असल्यामुळे तगली आणि ‘इंटरमाइल्स’ नावाने चालू राहिली. 2012 मध्ये बंद पडलेल्या किंगफिशरच्या ‘किंग क्लब’च्या सभासदांचे नशीब तेवढे नव्हते. पॉइंट हे असे चलन आहे की ज्याचा भाव छापणाराच ठरवतो आणि तो कधी उतरवायचा हेही तोच ठरवतो.

बँक हे पॉइंट विकत घेते ते कशाच्या जोरावर? काही भाग थकबाकीदार ग्राहकांच्या व्याजातून येतो आणि मोठा भाग दुकानदाराकडून. क्रेडिट कार्डाने बिल भरले की दुकानदाराच्या हाती रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापून पैसे येतात. डेबिट कार्डावरच्या या कपातीला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे, यूपीआयवर 2020 पासून ती शून्य आहे, क्रेडिट कार्डावर मात्र तशी मर्यादा नाही. दुकानदार ही कपात मालाच्या भावात मिळवतो, त्यामुळे रोख देणाराही ती भरतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कार्डांवरच्या बक्षिसांमुळे दरवर्षी सुमारे 15 अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे आणि गरिबांकडून श्रीमंतांकडे सरकतात, असा अंदाज मांडला आहे. तो आकडा अमेरिकेचा असला तरी यंत्रणा तीच आहे. पांढुर्ण्याचा संत्रा बागाईतदार आंबिया किंवा मृग बहराची बाग व्यापाऱ्याला देतो तेव्हा व्यवहार रोखीने किंवा बँकेतून होतो, खत-औषधे कृषी केंद्रातून रोखीने किंवा उधारीवर येतात. त्याच्याकडचे मुख्य कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, आणि त्या कार्डावर काढलेल्या लाखाच्या पीककर्जावर विमानाचा एकही पॉइंट मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की यंत्रणा कशीही असो, मिळते ते का सोडावे? सोडू नये, पण मोजून घ्यावे. समजा, वर्षाकाठी एकदा नागपूर-मुंबई जाऊन-येऊन बारा हजारांचे तिकीट काढले आणि चार-पाच टक्के परत मिळाले, तर हाती पाच-सहाशे रुपयांचे पॉइंट येतात. तेही बहुधा कर वगळून मूळ भाड्यावर मिळतात, आणि ठरावीक मुदतीत खात्यात हालचाल झाली नाही तर रद्द होतात. पांढुर्ण्याहून विमानतळापर्यंत गाडी करून जायचे-यायचे तर भाडे त्याहून कितीतरी जास्त. या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीचे हजार रुपयांनी स्वस्त तिकीट सोडणे हा शुद्ध तोटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथली मुले पुण्या-बंगळुरूत आणि परदेशात नोकऱ्या करतात, ती आपल्या पॉइंटवर आईवडिलांना बोलावतात, शिवाय रुपे प्लॅटिनम डेबिट कार्डावर अवघ्या दोन रुपयांत विमानतळाच्या लाउंजमध्ये बसता आले, मग फायदा झिरपला नाही असे कसे म्हणावे? झिरपला हे खरे. पण मुलाच्या पॉइंटवर वडील उडतात ते मुलाचा खर्च मोठा असतो म्हणून. म्हणजे नियम इथेही तोच राहतो. लाउंजची सोय सर्वांना वापरता येऊ लागताच अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली. सवलत सर्वांपर्यंत पोहोचली की ती आखडायची, हा या धंद्याचा अंगभूत स्वभाव आहे.

तिसरा आक्षेप: सरकारी सवलतीही दुसऱ्याच्याच पैशातून येतात. बरोबर. एप्रिल 2017 मध्ये पहिले उड्डाण झालेल्या ‘उडान’ योजनेतली स्वस्त तिकिटे मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून घेतलेल्या अधिभारावर चालतात. मध्य प्रदेशाची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना 2012 पासून ज्येष्ठांना रेल्वेने तीर्थयात्रा घडवते. 21 मे 2023 रोजी तिचे 32 यात्रेकरू भोपाळहून विमानाने प्रयागराजला गेले. हा करदात्याचा पैसा. मात्र तो अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, त्याचा लाभ कुणाला आणि का हे जाहीर असते. यात्रा निवडणुकीच्या वर्षात निघाली, अशी टीकाही करता येते. पॉइंटच्या व्यवहारात पैसे देणाऱ्याला आपण देत आहोत हेच माहीत नसते.

पॉइंट आपण कुठे जावे हेही ठरवू लागतात, कारण कंपनी जिथे उडते तीच ठिकाणे तिच्या यादीत ‘प्रेक्षणीय’ असतात. नागपूरला उतरणाऱ्याला त्या याद्या वाघाच्या जंगलापलीकडे फारसे काही सांगत नाहीत. भूगर्भशास्त्रात मात्र सौंसरचे नाव जगभर चालते: नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीज देणारा प्राचीन खडकसमूह ‘सौंसर समूह’ म्हणूनच ओळखला जातो. बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 मध्ये सौंसरच्या आसपासच्या चर्ट दगडात सापडलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेली ही वनस्पतीसृष्टी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे. जामसावळीचा निद्रिस्त हनुमान आहे, छिंदवाड्यापलीकडे तामिया आणि भारिया आदिवासींच्या गावांची पाताळकोटची खोल दरी आहे. इथे यायला पॉइंट लागत नाहीत, नागपूरहून एसटी, रेल्वे किंवा गाडी पुरते.

म्हणून या भागातल्या वाचकाने तिकीट भाडे आणि वेळ पाहून काढावे, पॉइंट मिळाले तर आनंदाने घ्यावेत, पण त्यांच्यासाठी एक रुपयाही जादा खर्चू नये आणि कार्डाची थकबाकी तर मुळीच ठेवू नये. आणि ज्या सवलतीला सभासदत्व लागत नाही ती पाठ करावी. तिकीट पक्के असून जागा नाकारली आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे भरपाई देय असते: पर्यायी विमान चोवीस तासांत सुटणार असेल तर एकेरी मूळ भाडे व इंधनशुल्काच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये, त्याहून उशिरा असेल तर चौपट, कमाल 20,000 रुपये. हा हक्क वर्षातून एकदाच उडणाऱ्यालाही तितकाच लागू आहे आणि कोणतीही कंपनी त्याचा भाव उतरवू शकत नाही. तो मागून घ्यावा.