जुन्या जेट बोटीचा मंदावलेला वेग

महाबळेश्वरी उगम पावून, पोलादपूरच्या खडकाळ पात्रातून वाट काढीत, उमरठसारख्या डोंगरकुशीतल्या गावांचे ओढेनाले पोटात घेऊन महाडच्या सपाटीवर उतरणारी सावित्री दासगावच्या खाडीत भरती-ओहोटीचा अंमल मान्य करते आणि बाणकोटजवळ समुद्रास मिळते. अशा नदीत, जेथे पाणी कोठे पुरुषभर तर कोठे जेमतेम घोट्याएवढे, तेथे तळाखाली पंखा लोंबणाऱ्या नौकेची पंचाईत होते. पंखा एका धोंड्यावर आपटला की प्रवास तेथेच संपला. जेट बोटीला बाहेर पंखाच नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, पंपातील इंपेलर त्याला वेग देतो, आणि मागच्या निमुळत्या नोझलमधून ते फेकले गेल्याच्या प्रतिक्रियेने नौका पुढे जाते. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास हे यंत्र सिद्धीस नेले. प्रारंभी पाण्याखाली सुटणारा झोत त्यांनी पृष्ठभागाच्या किंचित वर आणला, तेव्हा वेग ताशी ११ मैलांवरून १७ मैलांवर गेला. १९७७ साली सर एडमंड हिलरी गंगासागराहून प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे गेले तेही अशाच नौकांतून, आणि आज आपल्या काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणाऱ्या जेट स्कींचे तत्त्वही हेच.

या यंत्राचे वय झाले की एक फिर्याद हमखास येते : इंजिन ओरडते, पण बोट पळत नाही. अशा वेळी घाईने इंजिन उघडण्यापूर्वी फेरे मोजावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण जेट पंपाला लागणारी शक्ती जवळजवळ फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि नौका धावते आहे की धक्क्याला बांधलेली आहे, याचा त्या शक्तीवर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलवरील फेरे ही इंजिनाच्या शक्तीची जवळजवळ निर्भेळ साक्ष ठरते. मिनिटाला ४,००० फेरे अपेक्षित असता ३,६०० च मिळाले, तर तूट दिसते १० टक्क्यांची, परंतु घनाच्या हिशेबाने शक्ती सुमारे २७ टक्के हरवलेली असते. उलट शक्ती १० टक्क्यांनी घटली, तर फेरे केवळ १४० च्या आसपास उतरतात, आणि एवढा फरक जुना, सुस्तावलेला मीटर दाखवीलच असे नाही. म्हणून तो मीटरही दुसऱ्या मीटरशी ताडून पाहावा. फेरे खरोखरच कमी असतील, तर कसूर बहुधा इंजिनाकडे : ताणलेल्या केबलमुळे पूर्ण न उघडणारा थ्रॉटल, तुंबलेला फिल्टर, काजळलेले प्लग, उतरलेले कॉम्प्रेशन.

फेरे अपेक्षेपेक्षा अधिक आणि वेग मात्र कमी, हे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. फूटव्हॉल्व्ह गळका झाला म्हणजे विहिरीवरची मोटार रिकामी भणभणते, हे आमच्याकडील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. येथेही पंपाला पाण्याची पकड मिळत नाही. जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते, शाफ्टला नायलॉनच्या जाळ्याचे धागे गुंडाळलेले असतात, अथवा पंपाचे मुख आणि बोटीचा तळ यांमधील गॅस्केट झिजून तेथून हवा शिरते. इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, मगच पंपाचे झाकण उघडावे आणि आत हात घालावा.

अडथळा नसेल, तर दृष्टी इंपेलरभोवतीच्या कड्याकडे वळवावी. पात्याचे टोक आणि कडे यांमधील फट मिलिमीटरच्या अंशात मोजावयाची असते. पावसाळ्यानंतरची वाळू ती हळूहळू रुंदावते, आणि दाबलेले पाणी त्या फटीतून मागे परतू लागते. फीलर गेज सभोवार चार ठिकाणी घालून पाहावे. एकीकडे पट्टी घट्ट आणि समोरच्या बाजूस सैल निघाली, तर केवळ कडे बदलून भागणार नाही, बेअरिंगही पाहिले पाहिजे. पात्याच्या पुढच्या धारेला गोट्यांनी खवले पाडले असतील, तर तेथे दाब एकाएकी उतरतो. ३० अंश तापमानाचे पाणी वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागाइतक्या दाबाखाली उकळते, म्हणून त्या धारेमागे थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठतात, आणि पुढे दाब वाढताच फुटून धातूला बारीक खड्डे पाडतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ला १८९४ मध्ये याच बुडबुड्यांनी मंद केले होते, पंख्यांची रचना बदलल्यावर तीच नौका १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ३४ नॉटच्या आसपास धावली.

फेरे बरोबर, पंप धड, तरीही बोट सुस्त, असे झाले तर उलट गतीचे झाकण अर्धवट उतरून झोतात आडवे येत नाही ना, तळ शेवाळलेला नाही ना, हे पाहावे. ही सुस्ती पुरात महागात पडते. सावित्रीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा पूल नेला आणि जुलै २०२१ मध्ये शहर बुडविले. तशा पुरात प्रवाह ताशी १५ किलोमीटर आणि बोटीचा वेगही तेवढाच असेल, तर काठावरचे एकच झाड समोर ठेवून ती इंधन जाळीत राहील, बुडणाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. सुस्तीचे शेवटचे कारण वाढलेले वजन : जुन्या फायबरच्या बोटीत तळाच्या पोकळीतील फोम वर्षानुवर्षे पाणी शोषीत असतो, आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. बोट ट्रॉलीवर चढवून वजनकाट्यावर न्यावी, रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करावे, आणि उरलेला आकडा मूळ दस्तऐवजातील वजनाशी ताडून पाहावा. तफावत मोठी निघाली, तर भिजलेला फोम उपसून काढावा लागेल.