पडद्यावरच्या बहिणी

सख्ख्या बहिणी एका घरात वाढतात. पडद्यावरच्या बहिणींना ते घर थोडक्या दिवसांत उभे करावे लागते. हे कसे साधते, याचा एक नमुना आपण पाहू.

लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' (१८६८) या कादंबरीतील मार्च भगिनी अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातल्या. ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ च्या चित्रपटात या चौघींची कामे करणाऱ्या सर्शा रोनन वाढल्या आयर्लंडात, एमा वॉटसन व फ्लॉरेन्स प्यू इंग्लंडात, तर एलायझा स्कॅनलन ऑस्ट्रेलियात. म्हणजे मूळचे उच्चारसुद्धा निरनिराळे!

चित्रीकरणापूर्वी गर्विग यांनी तालमी घेतल्या. त्यांच्या संहितेत ठिकठिकाणी तिरप्या रेघा आहेत. एकीचे वाक्य चालू असता दुसरीने नेमके कोठे तोंड उघडावे, हे त्या रेघा दाखवितात. आपल्या घरीही बहिणी जमल्या की कोणी कोणाचे वाक्य पुरे होऊ देत नाही. पण हा गलका पडद्यावर हुबेहूब उतरवायचा, तर आपल्या संवादांइतकेच इतर तिघींचे संवादही कानांत बसले पाहिजेत.

कोणी म्हणेल, ही तर कवायत झाली. हीत जिव्हाळा कोठला? आम्हांस वाटते, दुसरीचे बोलणे कान देऊन ऐकणे, तिच्यासाठी जागा ठेवणे, ही जिव्हाळ्याचीच पहिली पायरी होय. आधी स्नेह जुळावा, मग काम करावे, असे आपण म्हणत बसतो. पुष्कळदा एकत्र केलेले कामच स्नेह जुळविते.