एका टेकडीवरचे दोन किल्ले

वेल्समधल्या लँगॉलेन गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर, दीनास ब्रानचा पडका किल्ला उभा आहे. पाहणाऱ्याची नजर आधी दगडी भिंतींकडे जाते; पण इथलं सगळ्यांत जुनं बांधकाम त्या भिंतींबाहेर, गवताखाली आहे. माथ्याभोवती फिरणारा मातीचा तो उंचवटा म्हणजे इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचा तट! लोहयुगातल्या माणसांनी खंदक खणून माती रचली आणि आत गोल घरांची वस्ती वसवली. उत्तरेकडचा उतार इतका तीव्र, की तिथलं रक्षण टेकडीनंच केलं.

मग सुमारे अठराशे वर्षं उलटली. १२६० च्या दशकात उत्तर पोविसचा वेल्श अधिपती ग्रिफिद अप माडोग यानं हीच जागा हेरली. डी नदीचं खोरं इथून नजरेच्या टप्प्यात येतं. दक्षिण आणि पूर्व बाजूंना त्यानं कातळात खोल खंदक खोदवला. शतकं बदलली, हत्यारं बदलली, पण टेकडीचं गणित तेच राहिलं.

नवा किल्ला मात्र वीस वर्षंही नांदला नाही. १२७७ च्या मे महिन्यात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याचा सरदार हेन्री द लेसी चालून येत होता. तो पोहोचण्याआधीच वेल्श शिबंदीनं स्वतःच्या हातांनी किल्ला पेटवून दिला. शत्रूला आयता मिळालेला किल्ला उद्या आपल्यावरच उलटतो! लेसीनं किल्ल्याची मजबुती वाखाणली आणि तो दुरुस्त करावा असं राजाला सुचवलं. पण १२८२ मध्ये हा मुलूख ज्याला मिळाला, त्या जॉन द वॉरेननं नवा किल्ला बांधला तो खाली, डी नदीकाठच्या होल्टला.

ही उपेक्षाच आज आपलं भाग्य ठरली आहे. पुढच्या राजवटींनी फारसं काही पाडलं नाही की चढवलं नाही, त्यामुळे तेराव्या शतकातला वेल्श किल्ला कसा होता, हे इथं अजून ओळखता येतं. एका बाजूनं अर्धगोल असलेला खास वेल्श धाटणीचा बुरूज आणि इंग्रजी किल्ल्यांसारखा जोडबुरुजांचा दरवाजा, दोन्ही एकाच तटात! आपली परंपरा न सोडता शेजाऱ्याचं उत्तम ते उचलणाऱ्या माणसांची बुद्धी त्या दगडांत आजही वाचता येते.