पुस्तकातला 'मी' कोण?

गेल्या सत्रात आपल्या मंडळाच्या वाचनगटात 'बलुतं'वर चर्चा होती. चर्चा छान रंगली. शेवटी आमच्यातल्या एकाने मनापासून दाद दिली, "काय भारी रंगवलंय हो! अगदी कादंबरी वाचल्यासारखं वाटतं." मागच्या बाकावरून एक आवाज आला, "रंगवलेलं नाही ते." एवढंच. पुढे तो मुलगा काही बोलला नाही, आणि आम्हीही चहाकडे वळलो.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही वहीत 'बलुतं'समोर 'कादंबरी' असंच लिहिलेलं होतं. घरी येऊन ते खोडलं. पण प्रश्न काही खोडला गेला नाही. 'कादंबरीसारखं' ही दाद असताना ती त्या मुलाला का टोचली असेल? कादंबरी आणि आत्मकथन, दोन्हीकडे कुणीतरी 'मी' म्हणून बोलतोच की. मग फरक नेमका कुठे पडतो? हा प्रश्न डोक्यात ठेवून गेल्या सहा महिन्यांत काही पुस्तकं वाचली, काही पुन्हा वाचली. त्यांच्याबद्दलची माझी मतं इथे मांडतोय. पटली नाहीत तर भांडायला मंडळाची खोली आहेच.

सुरुवात घरापासून करू. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. तिचे लेखक बाबा पद्मनजी यांचा जन्म १८३१चा, आपल्या बेळगावातलाच. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं ऐकायला मिळतात आणि पुढे यमुनेवरच वैधव्य येतं, अशी ही कथा. आज वाचताना पात्रं बोलत नाहीत, व्याख्यान देतात असं वाटतं. मलाही मधली काही पानं जड गेली. पण त्या विधवांच्या हकिगती आल्या की पुस्तक एकदम जागं होतं.

गंमत अशी की याच बाबा पद्मनजींनी पुढे 'अरुणोदय' नावाचं आत्मचरित्रही लिहिलं. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. मला यातून एक गोष्ट कळली. स्वतःच्या धर्मांतराची गोष्ट सांगताना त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं. जे झालं ते माझं, त्याचा जाब मला विचारा. विधवांचं दुःख मात्र त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं नव्हतं. ते सांगायला त्यांनी यमुना रचली. दोन्हीकडे कळकळ खरीच होती, पण बोलण्याचा हक्क वेगळा होता.

हाच तो फरक. फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये याला 'करार' म्हटलं. सोप्या भाषेत सांगायचं तर मुखपृष्ठावरचं नाव आणि आतल्या 'मी'चं नाव एकच असेल, तर लेखक आपल्याशी एक करार करतो : हे माझ्या बाबतीत घडलं, आणि त्याची जबाबदारी माझी. कादंबरीकार असा करार करत नाही. तो म्हणतो, घडलं की नाही हे विचारू नका, पटतंय का ते बघा. म्हणजे आत्मकथन आपल्याकडे विश्वास मागतं, तर कादंबरी तेवढ्यापुरतं खरं मानायला सांगते.

आता हे पुस्तकांना लावून बघू.

आधी 'कोसला'. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. सांगणारा पांडुरंग सांगवीकर, वय पंचवीस. खानदेशातल्या सांगवीतून पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेलवर राहतो, पैसे उडवतो, नापास होतो, गावी परततो. नेमाडेही सांगवीचेच, आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. त्यामुळे आपल्यातले पुष्कळजण 'कोसला' ही नेमाड्यांचीच कहाणी समजून वाचतात. मीही पहिल्यांदा तशीच वाचली होती, आणि कोणता प्रसंग 'खरा' हे शोधण्यात निम्मी मजा घालवली. या वेळी तो नाद सोडला. मग दिसलं की हा पांडुरंग आपल्याला सतत हुलकावणी देतोय. कधी डायरी लिहितो, कधी इतिहास संशोधकाचा आव आणतो. हॉस्टेलचा भाग पोट धरून हसवतो; उत्तरार्ध मात्र मला थोडा लांबलेला वाटला. पण मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग? तिथे थट्टा थांबते. नेमाड्यांना बहीण होती की नव्हती, हे मला माहीत असायची गरजच उरली नाही. मनी पुस्तकातच जगली आणि पुस्तकातच गेली, आणि तेवढ्याने माझा घसा दाटला. कादंबरीचं खरेपण हे असं असतं.

'मृत्युंजय'चं उदाहरण याच्या पुढचं. शिवाजी सावंत यांनी १९६७ मध्ये कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलतं केलं. शिवाय कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण हेही पाळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. महाभारतातला कर्ण आत्मचरित्र लिहायला बसणार नाही, हे कुणालाही कळतं. तरी 'मी' या एका शब्दाने तो जवळचा वाटायला लागतो. शाळेत असताना हे पुस्तक मी रात्र जागून संपवलं होतं. आता वाचताना मात्र खटकलं ते हे, की सगळे जण एकाच अलंकारिक भाषेत बोलतात. दुर्योधनाचं नाव झाकलं तर तो कर्ण वाटावा. कादंबरीतला 'मी' रचलेला असतो याची तक्रार नाही. पण रचलाच आहे तर प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा.

आता पलीकडच्या वाटेवर. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. आपल्या कॉलेजात हे पुस्तक बहुतेकांना नावाने माहीत असतं, 'रेव्हरंड टिळकांच्या पत्नीचं पुस्तक' म्हणून. त्या ओळखीवर थांबू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं दोघांची ताटातूट, नातेवाइकांचे सल्ले, लोकांच्या नजरा. आणि पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचा सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा. हे सगळं त्या अशा मोकळ्या, मिश्कील बोलीत सांगतात की समोर बसून ऐकतोय असं वाटावं. टिळक कधी घर सोडून निघतील, घरातला पैसा कुणाला देऊन येतील, याचा नेम नसायचा. दुसरी कुणी असती तर रडगाणं झालं असतं. बाई हसतात, आणि त्या हसण्यात नवऱ्याला सोडतही नाहीत, स्वतःलाही सोडत नाहीत. आपल्या मनातलं जातीचं जुनं भान कसकसं सुटत गेलं हे त्या लपवत नाहीत. माझ्या मते मराठी गद्यातलं हे एक मोठं पुस्तक आहे, आणि ते फारसं शालेय शिक्षण न मिळालेल्या बाईने लिहिलंय.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९०चं. पुलंवर आपला जीव. ते काही काळ बेळगावात प्राध्यापक होते आणि 'रावसाहेब' याच मातीतले, म्हणून जरा जास्तच. त्यामुळे हे पुस्तक पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता. आपल्या लाडक्या माणसाबद्दल बायकोने असं लिहावं? या वेळी लक्षात आलं की त्या पुलंना जेवढं तपासतात, तेवढंच किंवा त्याहून कठोरपणे स्वतःला तपासतात. आठवणी सालवार येत नाहीत, जशा मनात येतात तशा येतात. हे पुस्तक पुलंचं चरित्र नाहीच. पुलंच्या सावलीत राहिलेल्या एका स्वतंत्र बाईचा तो हिशेब आहे. मी चुकीच्या 'मी'ला शोधत होतो.

आणि 'बलुतं'. दया पवार यांचं हे आत्मकथन १९७८ मध्ये आलं. त्याची सुरुवातच विलक्षण आहे. शिकलेला, शहरी दया पवार आणि गावाकडचा दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. दोघं एकच. लेखक स्वतःलाच दोन करून सांगतो की 'मी' म्हणणं आपल्यासाठी सोपं नाही, कुठला मी? मुंबईचा कावाखाना, गावचा महारवाडा, वाट्याला आलेलं अपमानाचं बलुतं, हे सारं तो सांगतोच. पण स्वतःचा भित्रेपणा, स्वतःचं पहिलं लग्न मोडण्यातला स्वतःचा वाटा, हेही उघडं करतो. मांडणी कादंबरीच्या तोडीची आहे, यात शंका नाही. मात्र मागच्या बाकावरून आलेल्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. आपण 'कादंबरीसारखं' म्हणतो तेव्हा लेखकाच्या हातोटीचं कौतुक करतो, आणि नकळत त्याने पुढे केलेला करार परत त्याच्याच हातात ठेवतो. 'छान रंगवलंय' म्हटलं की घडलेल्याची जबाबदारी उरत नाही. ना सांगणाऱ्याची, ना ऐकणाऱ्याची. पुस्तक मिटलं, चहा आला.

सगळीच पुस्तकं मात्र अशी दोन रांगांत उभी राहत नाहीत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. आठवणी स्वतःच्या, पण सांगणाऱ्याचं नाव श्याम. प्रकाश नारायण संत जन्माने बेळगावचे. त्यांच्या 'वनवास' (१९९४) मधला लंपन आजी-आजोबांकडे राहतो, कानडी वळणाचं मराठी ऐकतो आणि बोलतो. आपल्याकडचा कुणीही ते वाचून 'हे तर आमचंच गाव' म्हणतो. या पुस्तकांत नाव बदलून लेखकाने स्वतःला थोडी मोकळीक घेतली आहे. आठवणीतल्या गाळलेल्या जागा भरण्याची, आणि जवळच्या माणसांची अब्रू राखण्याचीही. ती मोकळीक त्यांना द्यावी. लंपनचं घर नकाशावर शोधत बसू नये.

मग वाचायचं कसं? मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. एक, आतल्या 'मी'चं नाव आणि मुखपृष्ठावरचं नाव एकच आहे का? दोन, हा 'मी' स्वतःच्या चुका सांगतो की फक्त दुसऱ्यांच्या? आत्मकथनावर विश्वास ठेवायचा की नाही हे मला बऱ्याचदा इथे कळतं. तीन, पुस्तक संपल्यावर माझ्याकडे काय उरलं : एका माणसाची गोष्ट, की एका माणसाला दिलेला शब्द? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी सोपं नसतं. विसरणं, चुकीचं आठवणं हे आत्मकथनातही होतंच, आणि कादंबरीत कधी कधी आत्मकथनापेक्षा जास्त सत्य सापडतं. पण प्रश्न विचारला की निदान आपण घाईने दाद देत नाही.

पुढच्या बैठकीसाठी मी 'स्मृतिचित्रे' सुचवलंय. येताना पहिला भाग वाचून या. आणि मागच्या बाकावरच्या त्या मित्राला मी पुढच्या रांगेत बसायला सांगणार आहे. त्या दिवशी त्याचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. उरलेलं ऐकून घ्यायचं आमच्याकडून राहून गेलं.