मानसविद्येची चाकरी

रेल्वेच्या इंजिनावर साहाय्यक लोको पायलट म्हणून रुजू होऊ पाहणारा तरुण लेखी परीक्षेत कितीही अग्रेसर ठरला, तरी तेवढ्याने नेमणुकीचा हुकूम त्याच्या हाती पडत नाही. संगणकापुढे बसून त्याला आणखी एक चाचणीमाला पार करावी लागते, आणि तीत त्याचे पुस्तकी ज्ञान नव्हे, तर त्याची स्मरणशक्ती, एकाग्रता, सूचनांबरहुकूम वागण्याचे सामर्थ्य, वस्तूंमधील अंतर ओळखणारी दृष्टी आणि डोळ्यांनी टिपलेल्याचा अर्थ लावण्याचा वेग यांची पारख होते. या मालेतील प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-गुण मिळवावेच लागतात. टी-गुण म्हणजे समूहाची सरासरी ५० धरून त्या मानाने उमेदवाराचे स्थान दाखविणारा प्रमाणित गुण. एका चाचणीत जे उणे पडले ते दुसरीत भरून काढता येत नाही, आणि इतर परीक्षांत मिळणारी प्रवर्गनिहाय सवलत येथे कोणालाच नाही. रेल्वेच्या मानसतांत्रिक चाचण्यांचे हे काम लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेतील मानसतांत्रिक विभाग पाहतो. तेथील मंडळी मानसशास्त्राची पदवीधर असतात, हे रात्रीच्या गाडीत निर्धास्त झोपी जाणाऱ्या उतारूच्या गावीही नसते.

ज्या घरातील मुलगी वा मुलगा बारावीनंतर मानसशास्त्र हा विषय घेतो, त्या घरात पहिला प्रश्न बहुधा ‘म्हणजे आता वेड्यांचा डॉक्टर होणार का?’ असा निघतो; आणि गंमत अशी की, विषय घेणाऱ्याच्याही मनात चित्र तेच असते, फक्त त्यात एक मऊ खुर्ची, एक कुंडी आणि दारावरील नावाची पाटी एवढी भर पडलेली असते. या एकाच चित्रापायी अनेकांची वर्षे वाया जातात. आपल्या देशात ही विद्या प्रथम नावारूपास आली ती मुख्यतः उपचारक म्हणून नव्हे, तर पारखी म्हणून. आणि आजही जिला तिच्या जोरावर पोट भरावयाचे आहे तिने उपचाराच्या दाराशी झालेल्या गर्दीत उभे राहण्यापूर्वी पारखीच्या पेढीकडे एकवार नजर टाकावी, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, तो हार्वर्ड येथे म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली. आणि हे म्युन्स्टरबर्ग गृहस्थ ट्रामचालकांची निवड कशी करावी याचे प्रयोग करण्यासाठी विख्यात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यातच भारतीय मनोविश्लेषण सभा स्थापन करून फ्रॉइडच्या विचारांना घर दिले खरे, परंतु सरकार व गिरण्या यांनी या शास्त्राकडे जे मागितले ते निराळेच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, अधिकारी निवडण्यासाठी देहरादून येथे प्रायोगिक निवड मंडळ बसले. स्वातंत्र्यानंतर अहमदाबादच्या कापड गिरण्यांच्या संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला. आणि १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी तेथील कॅलिको मिलच्या मागावर काम करणाऱ्या विणकरांचे लहान लहान स्वयंशासित गट पाडून असे दाखवून दिले की, माणसांची मांडणी बदलली तर तेच माग अधिक व चांगले कापड देतात. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासात हा प्रयोग आजही शिकविला जातो.

त्या देहरादूनच्या रोपट्याचा वृक्ष म्हणजे आजची सेवा निवड मंडळे. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत तयारी करणाऱ्या मराठी मुलांना त्या मंडळांचा दरारा चांगला ठाऊक असतो. उमेदवाराला एकामागून एक बारा चित्रे दाखवितात, त्यांतील शेवटचे कोरे असते. प्रत्येक चित्र तीस सेकंद पाहावयाचे आणि चार मिनिटांत त्यावर कथा लिहावयाची. मग साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, आणि जे मनात प्रथम उमटेल ते वाक्य कागदावर उतरवावयाचे. पुढे साठ प्रसंग, अर्धा तास, आणि शेवटी स्वतःचे वर्णन. मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराशी बोलतो, मैदानावरील अधिकारी त्याला दोरावर चढताना व गटात वागताना पाहतो. मानसशास्त्रज्ञ मात्र अंतिम बैठकीपर्यंत त्याला भेटतही नाही आणि केवळ त्या हस्तलिखित कागदांवरून त्याच्या स्वभावाचे शब्दचित्र रेखाटतो. तिघांची मते स्वतंत्रपणे बनावीत आणि नंतर ती एकमेकांशी ताडून पाहावीत, ही या पद्धतीची खुबी. हे मूल्यमापक घडविण्याचे काम संरक्षण संशोधन संघटनेच्या दिल्लीतील मानसशास्त्रीय संशोधन संस्थेकडे आहे, आणि शास्त्रज्ञपदांसाठी त्या संघटनेच्या भरती केंद्राकडून मानसशास्त्राच्या पदव्युत्तरांनाही वेळोवेळी पाचारण होते. पदे थोडी असतात. परंतु अशी जाहिरात निघते हेच मुळी आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कानी क्वचित पडते.

आता त्या मऊ खुर्चीविषयी. येथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण प्रवेश घेताना पुष्कळांनी ते समजून घेतलेले नसते. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर. त्याचा मार्ग वेगळा, तो येथे सोडून देऊ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ही पदवी मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्याख्येत बांधून टाकली आहे: दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यात जाणत्याच्या देखरेखीखाली केलेली रुग्णसेवा, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता. परिषदेचा स्वतःचा कायदा १९९२ चा असून तिच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. (एक हजार रुपये! आजच्या दराने हा दंड एका बैठकीच्या फीतून वसूल व्हावा.) म्हणजे बी. ए. किंवा साधे एम. ए. करून दारावर ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ अशी पाटी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही; वकिलाला जशी सनद, तशी येथे नोंदणी.

या मार्गावरील प्रतिष्ठित पायरी म्हणजे एम. फिल. बंगळुरूच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, जिचे पुढे १९७४ मध्ये ‘निम्हान्स’मध्ये विलीनीकरण झाले, पन्नाशीच्या दशकातच वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली होती, आणि एम. फिल. ही तिचीच वारस. जागा तुटपुंज्या, प्रवेशपरीक्षा अखिल भारतीय, आणि दोन वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डातील राबणूक. नव्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच मोडीत काढली, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाला चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकारविषयक समाजकार्य या दोन शाखांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली, यावरूनच या पायरीवाचून अडते किती ते कळते. हा संक्रमणकाळ आहे. म्हणून कोणत्याही संस्थेच्या माहितीपुस्तकातील गोड वाक्यांवर विसंबून न राहता, परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे व त्या अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षासाठी आहे की नाही, हे फी भरण्यापूर्वी स्वतः पाहावे.

समुपदेशकाच्या बाबतीत कायद्याची भिंत अजून पुरती उभी राहिलेली नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांनाही आपल्या अनुसूचीत घेतले असून त्याचा पहिला मोठा हिसका बसला तो दूरस्थ शिक्षणाला: २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून सुरू होणाऱ्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा आदेश आयोगाच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाने काढला. संसार सांभाळून पत्रद्वारा एम. ए. करणाऱ्या कितीतरी स्त्रियांची वाट त्यामुळे बंद झाली. आदेशामागील कारण मला पटते, कारण समोरच्या माणसाचे रडणे ऐकून घेण्याची विद्या टपालाने येत नाही. परंतु ज्या तालुक्यांत हा विषय शिकविणारे महाविद्यालयच नाही, तेथील मुलींनी काय करावे, याचे उत्तर त्या आदेशात नाही. दरम्यान, दोन शनिवार-रविवारांच्या शिबिरानंतर ‘प्रमाणित समुपदेशक’ असा दाखला देणारी दुकाने तेजीत आहेत. अशा दाखल्याने पाटी रंगविता येते, काम नव्हे.

काम मात्र उदंड आहे. निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींमध्ये त्या वेळी मानसिक विकार आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्य उपचारांवाचूनच होत्या. सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला, १९९६ पासून त्याचे जिल्हा रूप सुरू झाले, आणि २०२२ च्या १० ऑक्टोबरला १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा उघडली, जीत मराठीतून बोलता येते. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतील पथके, एचआयव्ही चाचणी केंद्रांतील व किशोरवयीनांच्या कक्षांतील समुपदेशक, ही सारी या विद्येच्या नोकरीची ठिकाणे. त्यांतील पुष्कळ पदे कंत्राटी, मानधन बेताचे, आणि नूतनीकरणाचा कागद दरसाल वरच्या दप्तरातून खाली येईपर्यंत जीव टांगणीला. तरीही नवख्याने दोन वर्षे अशी काढावीतच, असे मी म्हणेन; जे प्रकार शहरातील खाजगी दवाखान्यात दहा वर्षांत पाहावयास मिळणार नाहीत, ते जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर एका महिन्यात समोर येऊन बसतात. सेवाभावी संस्थांपैकी पुण्याचे मुक्तांगण (१९८६) व्यसनमुक्तीसाठी आणि ठाण्याची आय. पी. एच. (१९९०) मनोविकास व मनआरोग्य यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणी केलेली उमेदवारी पुढे साऱ्या आयुष्याला पुरते.

कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांविषयी फार लिहीत नाही, कारण तेथील वाट सर्वांना दिसते: निवडचाचण्या, प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचे समुपदेशन, पगार बरा, मात्र व्यवस्थापनाच्या पदवीधराशी स्पर्धा. अध्यापनाची वाट सरळ आहे आणि अरुंद आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेली मुले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत असतात, कायम जागा मंजूर होण्याची वाट पाहत असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांना तासिकाही नसतात. न्यायसहायक प्रयोगशाळांतही मानसशास्त्रज्ञांना स्थान आहे, परंतु ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ व मेंदूलेखन या चाचण्या व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाहीत, असा निर्णय दिल्यापासून त्या कामाला लगाम बसला, आणि तो बसावयास हवाच होता.

राहता राहिली ती मुलांची पारख, आणि या बाबतीत महाराष्ट्राचा वारसा मोठा आहे. मुंबई इलाख्यातील मराठी व कन्नड मुलांवर बिनेची बुद्धिमापन चाचणी बेतून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९४० मध्ये आपले काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने, अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये आरंभ केल्यापासून, बुद्धिमत्तेच्या विविध अंगांचे मापन हाच आपल्या शिक्षणाचा एक पाया मानला. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक हवा असेल, तर त्यासाठी लागणाऱ्या दाखल्याच्या फाइलीत आज बुद्ध्यंकाचा अहवाल असतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता एकवीस प्रकारांत समाविष्ट केल्यापासून अशा तपासणीची गरज वाढली आहे. शाळांत, बालविकास केंद्रांत, खाजगी दवाखान्यांत या कामासाठी माणसे हवी आहेत, आणि नोंदणीच्या अटी पुऱ्या केलेल्या नव्या पदवीधराला सर्वांत लवकर स्थिर मिळकत येथेच होते, असा माझा अनुभव आहे.

परंतु त्या दवाखान्यांतील कपाट उघडून पाहावे, तर बिने-कामत आणि मालिन या चाचण्यांच्याच पेट्या तेथे अद्याप असतात. कामतांनी ज्या मुलांवर आपले प्रमाणक बसविले ती मुले कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी होती; आज ज्या मुलाचा बुद्ध्यंक त्यांवरून काढला जातो ते मराठी बोलते, इंग्रजी माध्यमात शिकते आणि अक्षरओळखीपूर्वीच मोबाइल हाताळते. पिढ्या बदलल्या की सरासरी सरकते, जुन्या प्रमाणकांवर नवी मुले आहेत त्यापेक्षा अधिक हुशार दिसू लागतात, आणि मग जिला खरोखर मदत हवी आहे अशा मुलीचा बौद्धिक अक्षमतेचा दाखला दोन-चार गुणांपायी अडतो. प्रमाणके नव्याने बसविण्यासाठी खेड्यांतील व शहरांतील मुलांचा नमुना विचारपूर्वक निवडावा लागतो, प्रश्नांची मराठी कोल्हापुरापासून गोंदियापर्यंत समजेल अशी घडवावी लागते, आणि संख्याशास्त्राशी घसट असावी लागते, एम. ए. च्या वर्गात विद्यार्थी ज्या एका पेपरला भिऊन असतात, तो हाच. या कामाला पदनाम नाही, वेतनश्रेणी नाही, त्याची जाहिरातही निघत नाही; विद्यापीठातील एखादा मार्गदर्शक, एखाद्या न्यासाची देणगी आणि सहा-सात वर्षे सवड असलेले दोन-तीन पदवीधर, एवढ्या सामग्रीवर ते सुरू करता येईल.