सूक्ष्म मापन आणि वर्धकाची निवड

मोजमापाचें उपकरण खोटें बोलूं लागलें म्हणजे तें मुळींच अडखळत नाहीं. पोलादाला पाणी देण्याच्या भट्टीवरील आंकडा दीडशें अंशांनीं चुकला, तरी तो स्थिरच दिसतो. चूक कळते ती माल बिघडल्यावर. तिचें मूळ पुष्कळदां भट्टींत नसून, संवेदकामागील विद्युत्-वर्धकाच्या निवडींत असतें.

भट्टीची उष्णता थर्मोकपलनें मोजतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापला म्हणजे त्यांच्या मोकळ्या टोकांशीं अल्प दाब उत्पन्न होतो. ‘के’ जातीच्या थर्मोकपलांत हा दाब दर अंशाला सुमारें ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाख भागांपैकीं अवघे ४१ भाग इतकाच असतो. तो शेंकडों पटींनीं वाढविण्याचें काम ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर करतो. १९४७ सालीं रॅगझिनी व त्यांचे सहकारी यांच्या निबंधांत हें नांव आलें, तेव्हां हा वर्धक निर्वात नळ्यांचा असे. आज तो नखाहून लहान सिलिकॉनच्या तुकड्यावर मावतो.

परंतु रिकाम्या तराजूचा कांटा एका बाजूस कललेला असावा, तसा प्रत्येक वर्धकांत मूळचाच कांहीं कल असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. ‘७४१’ या स्वस्त व प्रसिद्ध वर्धकाच्या साध्या प्रतींत तो ६ मिलिव्होल्टपर्यंत असूं शकतो. थर्मोकपलच्या हिशेबानें ही चूक १४६ अंशांची झाली! ‘ओपी-०७’ या वर्धकाच्या उत्तम प्रतींत ही मर्यादा ७५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोन अंशांहूनही कमी आहे. पासंग बांधून तराजू सरळ करावा, तसा ऑफसेटही दुरुस्त करतां येतो. पण हवा तापली कीं तो पुन्हां सरकतो. म्हणून ऑफसेट किती, याबरोबरच तो तापमानाप्रमाणें किती सरकतो, हेंही पाहावें लागतें.

मग ‘ओपी-०७’ सर्वत्रच उत्तम काय? तसें नाहीं. द्रवाची आम्लता मोजणारा कांचेचा इलेक्ट्रोड पीएचच्या दर एककाला २५ अंशांवर सुमारें ५९ मिलिव्होल्ट देतो. दाब भरपूर आहे, पण कांचेचा विरोध १० कोटी ओहम किंवा त्याहूनही अधिक असतो. ‘ओपी-०७’ संवेदकांतून सुमारें एक नॅनोअँपियर प्रवाह ओढतो, आणि तेवढ्यानें १०० मिलिव्होल्टची, म्हणजे १.७ पीएचची चूक होते. एक पिकोअँपियरच प्रवाह घेणारा ‘सीमॉस’ जातीचा वर्धक येथें लावला, तर ही चूक एकदशांश मिलिव्होल्टवर येते. त्याचा ऑफसेट एक मिलिव्होल्ट असला, तरी तो येथें सहज खपतो.

तेव्हां वर्धकाची किंमत पाहण्यापूर्वीं संवेदकाचा दाब किती व विरोध किती, हें पाहावें. पत्रकांतील ‘सामान्य’ आंकड्यावर न विसंबतां ‘कमाल’ आंकडा धरावा. कारण हातीं आलेला नग सामान्यच असेल, याची हमी कोणी देत नाहीं.