अजगराला ससा चालेल काय?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता सातवींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत मजकडे आला व हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या वावराच्या धुऱ्यावर अजगराचें पिल्लूं सांपडलें. मीं तें मडक्यांत ठेविलें आहे. बेडूक टाकला, पण तें खात नाहीं. घरीं सशीला पिलें झालीं आहेत. त्यांतील एक दिलें तर चालेल काय?" सशाचें पिल्लूं द्यावयाचें त्याच्या जिवावर आलें होतें; पण मडक्यांतील जीव उपाशी राहतो, ह्याचेंही त्याला वाईट वाटत होतें.

त्याच संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. फडकें दूर करण्यापूर्वींच मडक्यांतून मोठा, लांबलचक फूत्कार ऐकूं आला. बॅटरीच्या उजेडांत दुरूनच पाहिलें, तों पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गर्द ठिपक्यांच्या तीन रांगा स्पष्ट दिसल्या. तें अजगराचें पिल्लूं नव्हतें. ती घोणस होती! आणि हा मुलगा दोन दिवस त्याच मडक्यांत हात घालून बेडूक सोडीत होता. गांवच्या सर्पमित्रानें ती उचलून नेली. त्या रात्रीं मुलाच्या आईला झोप लागली नसेल. मलाही लागली नाहीं.

हा घोटाळा पुष्कळांचा होतो, म्हणून पालकांनींही ध्यानांत ठेवावें. अजगराच्या अंगावरील डाग मोठे, वेडेवांकडे व एकमेकांशीं न जुळणारे असतात. घोणशीचे ठिपके अंडाकृति व ओळींत बसविल्यासारखे असतात. तथापि ओळख पटवावयास जवळ जाण्याचें कांहींच कारण नाहीं. पऱ्हाटींत काम करणाऱ्यांना घोणशीची गांठ पडणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें, आणि तें रुग्णालयांतच मिळतें. दंशाची जागा कापणें, आवळून बांधणें किंवा मांत्रिकाकडे वेळ दवडणें, ह्यांनीं प्राण वांचत नाहींत, जातात.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. कारण प्रश्न मोठा मार्मिक होता. अजगर ससा खातो काय? खातो. त्याचें नांवच पाहा: 'अज' म्हणजे बोकड, व त्यास गिळणारा तो अजगर. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशीं हाडानें सांधलेले नसतात. ते लवचीक बंधनानें जोडलेले असतात. त्यामुळें तोंड डोक्याच्या मानानें फारच मोठें उघडतें. गिळतांना श्वासनळीचें मुख पुढें सरकतें, म्हणून साप गुदमरत नाहीं. भक्ष्य तो बहुधा डोक्याकडून गिळतो, म्हणजे पाय व केस मागच्या मागें दुमडतात. अजगर भक्ष्याला विळखा घालतो तो श्वास कोंडण्यासाठीं, असें आमच्या लहानपणीं शिकविलें जाई. परंतु त्याच्या दूरच्या नात्यांतील बोआ नांवाच्या सापावरील २०१५ सालच्या प्रयोगांत असें दिसलें कीं, विळख्यानें आधीं रक्ताभिसरणच बंद पडतें. ब्रह्मदेशी अजगराचें तर जेवणानंतर दोन दिवसांत हृदयच सुमारें शेंकडा ४० नें वाढतें व पचन संपल्यावर पुन्हां पूर्ववत् होतें.

परदेशांत मोठे साप पाळणारे लोक उंदरांऐवजीं ससा घालतात, तो ह्याच हिशेबानें. मोठ्या सापाला अनेक उंदरांऐवजीं एक ससा पुरतो. मात्र ससा सगळाच द्यावा लागतो. नुसत्या मांसांत हाडांतील चुना व काळजांतील जीवनसत्त्वें नसतात. शिवाय तो मेलेला व कोमट करून देतात, कारण जिवंत जनावर दातांनीं व नखांनीं सापालाच जखमी करतें. मौज अशी कीं, उंदरांना सरावलेला साप पुष्कळदां सशाकडे ढुंकूनही पाहात नाहीं! जीभ बाहेर काढून तो वास घेतो, आणि तो वास ओळखीचा नसतो. तेव्हां सशाच्या अंगाला उंदराचा वास चोळावा लागतो. (आमच्या वसतिगृहांतील कांहीं मुलें भाकरीला साखर लावल्यावांचून शिवत नाहींत, त्याची मला आठवण झाली.) लहान सापाला मात्र ससा झेपत नाहीं. भक्ष्य सापाच्या शरीराच्या जाडीहून फारसें मोठें नसावें. आणि दूध हें तर कोणत्याच सापाचें अन्न नव्हे.

पण हें सारें परदेशचें झालें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अजगर, नाग, धामण असे रानचे साप पकडणें वा पाळणें हा गुन्हा आहे, आणि त्यांना रानांतला ससा धरून घालणेंही गुन्हाच. रानचा ससा व घरचा ससा ह्यांना आपण एकच नांव देतों, तरी जाती निराळ्या: रानच्या सशाचें पिल्लूं केसाळ व उघड्या डोळ्यांचें जन्मतें, घरच्याचें उघडें व आंधळें.

पाळलेला साप सोडून दिल्यानें काय होतें, तें अमेरिकेंत फ्लोरिडा येथें पाहावें. तेथील दलदलीच्या रानांत ब्रह्मदेशी अजगर माजले. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तेथें मुद्दाम ससे सोडले, तेव्हां मेलेल्या सशांपैकीं शेंकडा ७७ अजगरांनीं खाल्ले होते. २०२५ सालीं तर अजगरांना भुलविण्यासाठीं तेथें हालणारे, ऊब देणारे यांत्रिक ससे ठेवण्यांत आले!

आमच्या धुऱ्यावरची धामण मात्र कोणी न घालतां आपलें पोट भरते. तिचें मुख्य खाद्य उंदीर. तुरीचे व ज्वारीचे दाणे राखणारा असा बिनपगारी राखणदार दुसरा नाहीं. तिला काठी मारण्यापूर्वीं शेतकऱ्यानें आपल्या कणगीकडे एकदां पाहावें.

त्या विद्यार्थ्याच्या सशीचीं पिलें आतां मोठीं झालीं आहेत. त्यांतील दोन त्यानें शाळेला दिलीं. मडकें त्याच्या आईनें फोडून टाकलें.